बाजाराच्या दिवशीचं जाजम

गावच्या वाचनालयाची नवी इमारत बांधून झाली आहे. तिच्यात लहान मुलांसाठी वेगळी खोली आहे आणि त्या खोलीच्या दारावर माझं नाव कोरायचं ठरलं आहे, ‘बालविभागाचे संस्थापक’ म्हणून. हे सांगायला गावातली चार तरुण मुलं गाडी करून साताऱ्याला माझ्या मुलाच्या घरी आली. चहा प्यायली, माझ्या पाया पडली. मी म्हणालो, माझं नाव घालू नका. ती हसली. म्हातारा विनयानं बोलतोय असं त्यांना वाटलं. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तेव्हा त्यातला एक माझ्या मुलाला हळूच म्हणाला, "आबांची तब्येत बरी हाय न्हवं?"

तब्येत बरी आहे. डोकंही ठिकाणावर आहे. जाताना त्यांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तो हा. यातलं एक वाक्य गाळणार असाल तर बाकीचंही छापू नका.

आमचं गाव वडूजच्या पुढं, माळावर. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडायला गेलेली माणसं घरी परतली होती. वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून एक लांबट खोली आणि पुढं दगडी ओटा. मी तिथला ग्रंथपाल. मला सगळं गाव मास्तर म्हणायचं. मी कुठल्याच शाळेत कधी शिकवलं नव्हतं. मॅट्रिकला गणितात गेलो, दुसऱ्यांदा बसलो, पुन्हा गेलो, आणि मग वडिलांनी अध्यक्षांच्या हातापाया पडून मला या खुर्चीवर बसवलं. अध्यक्ष कांद्याचे व्यापारी होते. त्यांच्या घरी मी कुणाला पुस्तक वाचताना पाहिलं नाही.

पुस्तकं काचेच्या कपाटात असत. प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर, आणि कव्हरावर माझ्या अक्षरात नाव. अक्षर चांगलं होतं, तेवढंच चांगलं होतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला. पुस्तकाला पाय लागला की हात लावून कपाळाला लावायचा, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही शिकवतात. पण ज्याला पाय लागू नये त्याला हातही लागू नये, असा त्याचा अर्थ आम्हीच लावला होता. आमच्या कपाटातली पुस्तकं आसपासच्या सगळ्या गावांत कोरी होती. तपासणीला येणारे साहेब त्याचं कौतुक करून जायचे.

पण माझा खरा रुबाब पुस्तकांवर नव्हता, पत्रांवर होता.

आमच्या वरच्या आळीत घर टाकून घर एक माणूस पलटणीत. पोस्टमन त्या आळीची पत्रं माझ्याकडंच देऊन जायचा. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली की मी आधी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो, मग पत्रं. उत्तरंही मीच लिहून द्यायचो, पाकिटावर पत्ता माझ्याच अक्षरात. बायका ओट्याखाली पदर ओढून उभ्या राहायच्या. नवऱ्यानं बायकोला काय लिहिलंय ते सगळ्या ओट्याला ऐकू जायचं. इतक्या मोठ्यानं वाच असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला आवडायचं.

एका शिपायाची बायको होती. कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर. तिच्या नवऱ्यानं लिहिलं होतं, इथं थंडी लय आहे, रात्री तुझी हिरवी चोळी आठवती. ते वाक्य मी मनातल्या मनात वाचून सोडून देऊ शकलो असतो. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा थांबून थांबून. ओटा हसून लोळायचा राहिला. ती पत्र न घेताच निघून गेली. पोस्टमननं दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी नेऊन दिलं. त्यानंतर ती पाण्याला निघाली की पारावरनं कुणीतरी म्हणायचं, "आली रं हिरवी चोळी!" तिचं खरं नाव माणसं विसरली. हिरवी चोळी हे नाव मी पाडलं.

त्याच सुमारास सुभेदारांची सून सासरी आली. सुभेदार पेन्शनीत निघालेले, वाचनालयाच्या कमिटीवर होते. सून सांगलीची, शिकलेली. नवरा तिकडं सीमेवर. येताना ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली होती आणि त्या ट्रंकेत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं होती. गावानं तिचं नाव सांगलीवाली पाडलं. बाई गोड नव्हती. जीभ चाकूसारखी होती, समोरच्याचं वय बघायची नाही. आता गावात तिच्याबद्दल बोलताना लोक ‘बिचारी’ म्हणतात. ती बिचारी मुळीच नव्हती.

ती सासऱ्यांच्या मागं कमिटीच्या बैठकीला आली. सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आठवड्यातून एक तास मला वाचनालय द्या. आया पोरांना घेऊन येतील. मी पुस्तकं वाचून दाखवीन."

"पोरं केवढाली?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन, तीन, चार वर्षांची."

सगळे हसले. मीही हसलो. "आवं ताई," अध्यक्ष म्हणाले, "त्यास्नी अजून शेंबूड पुसता येत न्हाई. ती काय वाचत्यात?"

"शेंबूड आयांनी पुसायचा. वाचायचंही आयांनीच."

"आन् आयास्नी कवा वाचाया येतंय?"

"म्हणून तर त्यांनाही येऊ द्या म्हणते."

कोपऱ्यातनं एक जण म्हणाला, "मग म्हशीबी आना की. त्याबी चघळतील एकांदं पुस्तक."

ती त्याच्याकडं वळली. "चघळू देत. निदान तुमच्यासारखं कुलूप लावून ठेवायच्या नाहीत."

सुभेदार आपल्या बुटांकडं बघत बसले. बैठक तिथंच मोडायची, पण तपासणीचे साहेब मागच्या खेपेला सांगून गेले होते की मुलांसाठी काहीतरी दाखवा, नाहीतर वरचा दर्जा मिळणार नाही. म्हणून अध्यक्षांनी ठरवलं, बाजाराच्या दिवशी दुपारी द्या. त्या दिवशी गडीमाणसं वडूजला जातात, ओटा रिकामा असतो. कुणाला ते बघावं लागणार नाही.

असा तो तास सुरू झाला. माझं काम दार उघडायचं आणि जाजम टाकायचं. आमच्या माळाचं वारं असं की दारातनं आत शिरलं की जाजमाची टोकं उडायची आणि धूळ पोरांच्या डोळ्यांत. सांगलीवाली म्हणाली, चार कोपऱ्यांना काहीतरी जड द्या. मी कपाटाखालचे जाडजूड सरकारी अहवाल काढले, जे कुणी कधी वाचत नव्हतं. त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सवयीनं वर शाईनं ‘सरकारी अहवाल’ लिहिलं. त्यांना पाय लागला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पोरं त्यांच्यावर बसायची. दर बाजाराला तीच वजनं, मीच द्यायचो.

पहिल्या तासाला पाच-सहा बायका आल्या, दाराजवळच दाटीनं बसल्या. एका पोरानं पुस्तक तोंडात घातलं. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पुस्तक कपाळाला लावलं.

"मारू नका," सांगलीवाली म्हणाली. "आधी चावतं, मग बघतं, मग ऐकतं. असंच शिकतं पोर."

"आवं पर इद्या हाय ती. खरकटी झाली."

"पुसली की झाली. घ्या मांडीवर त्याला. त्याचं बोट धरा. हे काय आहे?"

"शेरडू."

"मग त्याला शेरडूच सांगा. खाली काय लिहिलंय ते मी सांगते."

मी दारात उभा राहून बघायचो. ती पोरांना शिकवत होती हे सगळ्यांना दिसत होतं. मला दुसरंही दिसत होतं. पोराचं बोट आईच्या हातात होतं, आणि बोट अक्षराखालनं फिरलं की आईचे डोळेही फिरत होते. जाताना ती एकेकीला एकेक पुस्तक घरी द्यायची, नाव न लिहिता. मी म्हणालो, फाटतील. ती म्हणाली, "फाटू देत. तुमची नाहीत." दुसऱ्या बाजाराला पुस्तकं परत आली, हळदीचे आणि तेलाचे डाग पडून.

हिरव्या चोळीवाली एकदाही चुकली नाही. लहानपणी दुसरीत असताना तिची शाळा सुटली होती, अक्षरं पुसट झाली होती. पोर मांडीवर घेऊन ती कुणाशी न बोलता बसायची.

जोंधळे निघाले, शिमगा झाला. एका दुपारी ओट्यावर मी एकटाच होतो. ती आली. हातात इनलंड. पोस्टमनला वाटेत गाठून तिनं ते घेतलं होतं. मी हात पुढं केला.

"न्हाई मास्तर," ती म्हणाली. "आज म्या वाचनार हाय. अडलं तर इचारते."

ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. पोरीला मांडीत घेतलं, तिचं बोट धरलं आणि ओळीखालनं सरकवू लागली. "मी... खु... शाल... हाय." पोर मागनं म्हणत होती, "खुशा... हाय." मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. एका शब्दाला ती अडली. उठून माझ्याजवळ आली, कागद पुढं केला. पण तो एवढा शब्द सोडून बाकीची सगळी ओळ तिनं तळव्यानं झाकली होती.

"हितं काय लिवलंय?"

"रजा," मी म्हणालो.

"रजा," ती पुटपुटली. परत पायरीवर जाऊन तिनं पत्र संपवलं, घडी घातली, कमरेला खोचलं. "येते मास्तर."

तिनं मला काही वाईट बोललं नव्हतं. पण तो तळवा मला थोबाडीत बसल्यासारखा लागला. मी माझ्या बायकोवर त्या दिवशी भाकरी करपली म्हणून ओरडलो. भाकरी करपली नव्हती.

पुढच्या महिन्याभरात आणखी दोघी-तिघी पत्रं घेऊन ओट्यावर येईनाशा झाल्या. त्यांना पुरतं येत नव्हतं, पण त्या हिच्याकडं जायच्या. पोस्टमन मला चिडवायचा. "काय मास्तर, दुकान बसलं की तुमचं! वरच्या आळीत दुसरं उघडलंय." मी हसायचो, आणि घरी गेल्यावर ते शब्द मला पाठ असायचे.

मग एका बाजाराला मी काय केलं ते आता लिहितो.

श्रावणात देवळात वाचायची पोथी आमच्याच कपाटात असायची, लाल कापडात बांधून. मी ती बाहेर काढली. कापड सोडून ठेवलं. पोथी कपाळाला लावली, माफी मागितली. पोथीची मागितली, माणसांपैकी कुणाची नाही. मग ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वर, इतर तीन वजनांवर होतं तसंच, शाईनं ‘सरकारी अहवाल’ लिहिलं. जाजम टाकलं. चौथ्या कोपऱ्यावर ती ठेवली, दारापासनं लांबच्या. त्या कोपऱ्यात कोण बसतं ते मला ठाऊक होतं.

सांगलीवालीनं नेहमीसारखं विचारलं, "वजनं दिलीत ना?" मी हो म्हणालो आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. वडूजची गाडी आली. अध्यक्ष उतरले. मी म्हणालो, "जाजम पार जीर्ण झालंय, जरा बघून घेता का? नवीन घ्यावं लागंल." ते निघाले, त्यांच्या मागं पिशव्या घेतलेली चार-सहा माणसं. असं येणार हे मला माहीत होतं. आमच्याकडं अध्यक्ष एकटे कुठं जात नसत.

आम्ही आत शिरलो तेव्हा हिरव्या चोळीवालीची पोर त्या वजनावर बसली होती आणि तिनं त्याच्यावर मुतलं होतं. एवढं माझ्या डोक्यात नव्हतं. पाय लागले असते तरी मला पुरलं असतं.

"ह्ये काय भिजलंय?" असं म्हणत मी पोरीला उचलून बाजूला ठेवलं आणि कागद ओढून काढला. पोथीचा लाल पुठ्ठा सगळ्यांना दिसला. एक म्हातारी "आगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवून उठली.

"पोथी हितं कुनी ठेवली?" अध्यक्षांचा आवाज देवळापर्यंत गेला असेल.

"वजनं मास्तर देतात," सांगलीवाली म्हणाली. "दर वेळी तेच देतात."

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "म्या सरकारी अहवाल दिलेले. कपाटाची किल्ली तास चालू असताना कुलपालाच असती. कुनी काढली ठावं न्हाई." किल्ली त्या वेळीही माझ्या करगोट्याला होती.

मग हिरव्या चोळीवाली खाली वाकली. मी टाकलेला ओला कागद तिनं उचलला, पसरला आणि बोट ठेवून वाचला. "सर... कारी... अह... वाल." मान वर केली. "मास्तर, ह्ये अक्षर तुमचं हाय. माज्या पाकिटावर पत्त्याला असंच असतंय. अहवालाचा कागूद पोथीला कसा?"

तेव्हा खरं बोलायला मला जागा होती. मी म्हणालो, "हिला अक्षर येत न्हाई. हिची पत्रं आजपातूर म्याच वाचतोय, सगळ्या गावाला ठावं हाय. पढवून आनलंय हिला." आणि तो कागद तिच्या हातातनं घेऊन खिशात घातला.

दारातनं कुणीतरी ओरडलं, "आरं, हिरवी चोळी वाचाया लागली!" आणि हशा झाला.

"त्यांच्या खिशातला कागद बघा तरी!" सांगलीवाली ओरडली. "तुम्हाला तरी वाचता येतं ना? बघा!"

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं असं मला आजही वाटतं. मग ते सुभेदारांच्या भावकीतल्या एकाला म्हणाले, "सुनंला घरी न्या तुमच्या." कागद एकानंही मागितला नाही. जाजमावर ज्या बायकांना हिरव्या चोळीवाली वाचते हे माहीत होतं, त्या आपापली पोरं उचलून भिंतीकडनं निघून गेल्या.

पोथी बाटली म्हणून हिरव्या चोळीवालीला मारुतीच्या पायरीवर नाक घासायला लावलं. तिनं वर मान करून एकदाच विचारलं, "पोरीचं नाक घासू का माजं?" ती वाकली. पोरीला वाटलं खेळ आहे. तिनंही आईच्या शेजारी बसून आपलं नाक पायरीला लावलं आणि हसली. मी तो कागद संध्याकाळी चुलीत घातला.

सांगलीवाली थोड्याच दिवसांत नवऱ्याकडं निघून गेली. ती एसटीत चढली तेव्हा मी थांब्यावर होतो. तिनं खिडकीतनं माझ्याकडं बघून सगळ्या गाडीला ऐकू येईल असं म्हटलं, "मास्तर, ट्रंक ठेवून चालले. कुलूप तुमच्याकडं असेलच." मी ती पुस्तकं पुसली, कव्हरं घातली, कपाटात लावली, कुलूप लावलं आणि काचेवर रंगानं ‘बालविभाग’ लिहिलं. पुढं तपासणीचे साहेब आले. म्हणाले, लहान मुलांची पुस्तकं इतकी जपून ठेवलेली मी पाहिली नाहीत. वाचनालयाला वरचा दर्जा मिळाला. मी संस्थापक झालो तो असा. जी खोली तुम्ही माझ्या नावानं उघडताय ती मी बंद केलेली खोली आहे.

बाकीच्या बायका हळूहळू पुन्हा ओट्याखाली उभ्या राहू लागल्या. हिरव्या चोळीवाली कधीच आली नाही. पत्र आलं की ती आपल्या उंबऱ्यावर बसून वाचायची, आणि रस्त्यानं जाणारे म्हणायचे, "बघा, सोंग करतीया वाचायचं." तिला येत नाही हे मी सांगितलं होतं, म्हणून तिला येत नव्हतं. पोरं तिच्यासमोर वर्तमानपत्र उलटं धरून दात काढायची.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी गावात बालवाडी निघाली. मदतनीस बाई हवी होती, थोडंफार वाचता येणारी. तिनं नाव दिलं. पंचायतीत मी कोपऱ्यात बसलो होतो. एक पंच म्हणाला, "तिला कुठलं अक्षर येतंय? मास्तरांनीच सांगितलंय भर वाचनालयात." ती उभी होती. म्हणाली, "काय वाचू सांगा. आत्ता वाचते." अध्यक्ष म्हणाले, "कशाला उगंच? मास्तर, येतंय का हिला?"

दुसऱ्यांदा मला विचारलं गेलं होतं, आणि या वेळी पोथीही नव्हती, मुतलेला कागदही नव्हता, माझ्यावर काही येणार नव्हतं. मी म्हणालो, "मला काय ठावं." ती जागा दुसरीला मिळाली. ती दुसरी अंगठा उठवायची.

गाव सोडून मी साताऱ्याला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. अध्यक्ष गेले, सुभेदार गेले. सांगलीवाली कुठं आहे, आहे का, मला ठाऊक नाही. ओट्यावर हसणाऱ्यांपैकी दोघं-तिघं उरलेत. त्यांची नातवंडं परवा माझ्या पाया पडून गेली, आणि त्यांच्या आज्यांनी हिरव्या चोळीची गोष्ट त्यांना सांगितली असेल तर ती गंमत म्हणून सांगितली असेल. मला तुमचा सत्कार नको. दारावर नाव घालाल तर मी येऊन खरवडीन. एवढी ताकद अजून हातात आहे.

तिला वाचता येत होतं. मी स्वतः पाहिलं होतं, पायरीवर, दुपारी. एवढंच मला या स्मरणिकेत नोंदवायचं आहे.

ती अजून वरच्या आळीत राहते, असं त्या मुलांनी सांगितलं. नजर चांगली आहे म्हणे. स्मरणिका छापून आली की एक प्रत तिच्या घरी न्या. तिला वाचून दाखवायला बसू नका. कागद तिच्या हातात द्या आणि उंबऱ्यावरनं बाजूला व्हा.